सोलापुरातून फ्रेंचचा अभ्यास आणि संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात फ्रेंच शिकवते. एम.ए. आणि पीएच.डी. पुण्यात केली आणि घरी परत आले. बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात, नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या निकालानंतर पुन्हा एकदा, आणि मध्ये वर्षभर व्हॉट्सॲपवर प्रश्न येतच राहतात. मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, कधी कधी दुसऱ्या विषयाचे प्राध्यापकही विचारतात. जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे. शुल्क, तारखा आणि प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या-त्या विद्यापीठाचं चालू वर्षाचं पत्रक नक्की वाचा.

१. क्लास लावून फ्रेंच येतंच की. मग विद्यापीठाच्या फ्रेंच विभागात जाऊन वेगळं काय करतात?

मराठी बोलता येणं आणि मराठीत एम.ए. करणं यात जो फरक आहे, तोच इथेही आहे. क्लासमध्ये भाषा हातात येते. विभागात त्या भाषेतून विचार करायला, वाचायला, वाद घालायला शिकवतात. एम.ए.च्या दोन वर्षांत मध्ययुगापासून आजपर्यंतचं साहित्य, भाषाविज्ञान, अनुवाद, फ्रान्सचा सामाजिक इतिहास आणि ‘परकी भाषा म्हणून फ्रेंच कशी शिकवावी’ हे भाषाध्यापनशास्त्र, एवढं साधारण सगळीकडे असतं. फ्रान्सबाहेरचं फ्रेंच साहित्यही असतं: सेनेगल, मोरोक्को, क्युबेक, मॉरिशस, कॅरिबियन बेटं.

नव्या मुलांना सगळ्यात जड जातं ते ‘एक्सप्लिकास्याँ द तेक्स्त’. वीस-पंचवीस ओळींचा उतारा समोर ठेवतात. लेखकाने हाच शब्द का घेतला, क्रियापदाचा काळ इथे का बदलला, वाक्य मध्येच का तोडलं, हे ओळीओळीने उलगडून दाखवायचं. कीर्तनकार एक अभंग घेऊन तासभर त्याचं निरूपण करतो, ते ज्याने मन लावून ऐकलंय त्याला ही पद्धत परकी वाटणार नाही.

२. मी मराठी माध्यमाचा आहे, इंग्रजी कच्चं आहे. फ्रेंच जमेल का?

जमेल, आणि काही बाबतीत इंग्रजी माध्यमाच्या मुलांपेक्षा लवकर जमेल. इतक्या मुलांना शिकवल्यावर हे मी खात्रीने सांगते.

लिंगाचंच घ्या. फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी का, असं इंग्रजीतून विचार करणारा मुलगा सहा महिने विचारत राहतो. आपल्याला ‘तो दगड, ती भिंत, ते झाड’ पाळण्यापासून माहीत आहे. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच. विशेषण नामाप्रमाणे बदलणं हेही आपल्याला नवं नाही.

भूतकाळात तर माझा जीव रमतो. आपण म्हणतो ‘मी पत्र लिहिलं’ पण ‘मी चिठ्ठी लिहिली’. लिहिणारा तोच, तरी क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं की नेमकं असंच होतं. ‘ला लेत्र क झे एक्रित’, म्हणजे ‘मी लिहिलेली चिठ्ठी’, यात शेवटचा ‘त’ ऐकू येतो तो चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे म्हणूनच. हा नियम फ्रेंच मुलांनाही छळतो. मराठी मुलाला ‘लिहिली-लिहिलं’ची आठवण करून दिली की त्याच्या डोळ्यांत उजेड पडलेला दिसतो.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. तरी एक सावधगिरी हवी. आपण आईला तू म्हणतो आणि बहुतेक घरांत वडिलांना तुम्ही. फ्रेंच घरात दोघांनाही ‘त्यू’.

अंकांचंही तसंच. ऐंशीला ते ‘कात्र व्हँ’, म्हणजे चार वीस म्हणतात. मुलं हसतात. मग मी त्यांना घरी जाऊन आजीला विचारायला सांगते, बाजारात ‘चार विसा’ कसं मोजायचे.

अडतं कुठे, तर उपपदांत. मराठीत ती नाहीतच. ‘पाव खाल्ला’ यातला पाव ठरावीक आहे, कुठलाही एक आहे की थोडासा आहे, हे फ्रेंचमध्ये दरवेळी सांगावं लागतं. यावर जास्त सराव करा. इंग्रजी पुढे संशोधनासाठी लागेलच, पण फ्रेंचच्या दारात उभं राहायला ते लागत नाही.

३. घरी तेलुगू बोलतो, शेजारी कन्नड, शाळा मराठी, मित्र उर्दू. आता पाचवी भाषा डोक्यात बसेल का?

सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली मुलं हा प्रश्न काळजीने विचारतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. एका वाक्यात तीन भाषा बदलत बोलणारा मुलगा भाषेकडे बाहेरून पाहायला आपोआप शिकलेला असतो. एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात ‘भाषासंपर्क’, ‘संकेतबदल’ असे शब्द येतील. ती गोष्ट तुम्ही रोज जगता.

उच्चारातही फायदा आहे. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखे दंत्य आहेत, इंग्रजीसारखे ‘ट-ड’कडे झुकणारे नाहीत. ‘प’, ‘क’ही श्वास न फेकता. फ्रेंच ‘र’ घशातून येतो. दख्खनी उर्दूत ‘ग़म’, ‘ग़ज़ल’ नीट म्हणणाऱ्याला तो जवळजवळ तयारच असतो. नवा स्वर म्हणजे ‘यू’सारखा लिहिला जाणारा तो एक: ओठ ‘ऊ’चे ठेवा आणि जीभ ‘ई’ची. अनुनासिक स्वर मात्र सगळ्यांनाच घोटावे लागतात, कारण ‘वारा’ आणि ‘वाइन’ यांत अनर्थ होण्याइतका फरक एका नाकातल्या स्वराने पडतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ मध्ये चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिथल्या माणसांत मिसळून काम केलं. भैया चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना मुलांना मी ही आठवण करून देते.

४. ए१, बी२, डेल्फ, दाल्फ, टीसीएफ... हे सगळं काय आहे?

भाषेच्या सहा पायऱ्या आहेत: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ही युरोपीय चौकट आहे. पहिल्या चार पायऱ्यांच्या परीक्षेला डेल्फ म्हणतात, वरच्या दोन पायऱ्यांच्या परीक्षेला दाल्फ. प्रमाणपत्र फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचं असतं. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे २५ गुणांचे चार भाग असतात. उत्तीर्ण व्हायला शंभरापैकी ५० हवेत आणि कुठल्याही भागात ५ पेक्षा कमी चालत नाहीत.

डेल्फ आणि दाल्फ आयुष्यभर चालतात. टीसीएफ ही स्तर मोजणारी चाचणी आहे आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. घाईत टीसीएफ देऊन तीन वर्षांनी ते प्रमाणपत्र अर्जाला जोडलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. सोलापूरकरांना परीक्षेसाठी पुणे आणि हैदराबाद ही दोन्ही आलियाँस फ्रान्सेझ केंद्रं सोयीची आहेत.

५. सोलापुरात राहून कितपत मजल मारता येते?

चांगला शिक्षक आणि रोजचा तास असेल तर बी१ पर्यंत नक्की. त्यापुढे वर्ग, ग्रंथालय आणि बरोबरीने बोलणारी माणसं लागतात.

रोजच्यासाठी मी आर.एफ.आय. या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र सुचवते. संहिता बरोबर मिळते. आधी न वाचता ऐका, मग वाचत ऐका, मग वहीत उतरवून काढा. टी.व्ही.५ मोंदच्या संकेतस्थळावर स्तराप्रमाणे पाठ आहेत, तेही फुकट. ए१-ए२ ला दिवसाला पाऊण तास पुरतो. रविवारी एकदम पाच तास बसणाऱ्याची प्रगती होत नाही, हे मी कळकळीने सांगते.

६. माझं बी.कॉम. झालंय (किंवा इंजिनिअरिंग, बी.एस्सी., नर्सिंग). एम.ए. फ्रेंचला घेतील का?

बहुतेक ठिकाणी घेतात. अट अशी असते की कुठल्याही शाखेची पदवी असावी आणि फ्रेंचचा ठरावीक स्तर गाठलेला असावा. कुणी विद्यापीठाचा पदविका किंवा प्रगत पदविका अभ्यासक्रम मागतं, कुणी डेल्फ बी१ किंवा बी२, कुणी स्वतःची प्रवेश परीक्षा घेतं. शास्त्र शाखेच्या मुलांनी लाजू नये. माझ्या वर्गातलं व्याकरणाचं सगळ्यात स्वच्छ डोकं एका यंत्र अभियंत्याचं होतं. वाचनाची सवय मात्र आधीपासून लावा. दीडशे पानांची कादंबरी आठवड्यात वाचून त्यावर बोलायची वेळ पहिल्याच महिन्यात येते.

७. जवळची विद्यापीठं कोणती?

पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघालं तर दुपारच्या आत पोचता येतं. मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग कालिन्याला आहे. आपण विसरतो ते हैदराबाद. तिथलं इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, म्हणजे इफ्लू, भाषांसाठीच आहे, आणि तेलुगू घरातल्या मुलांना ते शहर परकं वाटत नाही. दूर जायची तयारी असेल तर दिल्लीत जेएनयू आणि दक्षिणेत पाँडिचेरी विद्यापीठ. पाँडिचेरी ही फ्रेंच वसाहत होती आणि तिचं भारताकडे हस्तांतरण कायद्याने पूर्ण झालं ते १६ ऑगस्ट १९६२ ला, त्यामुळे फ्रेंच तिथे गावाच्या इतिहासाचाच भाग आहे.

८. मॅडम, खरं सांगा, फ्रेंच शिकून काय करायलेत लोक? मुलीला पुण्याला ठेवायचं म्हणजे खर्च आहे.

हा प्रश्न आईवडिलांचा आहे आणि तो रास्त आहे. शाळांत फ्रेंच शिक्षकांना मागणी आहे, विशेषतः पुणे, मुंबई, हैदराबादच्या केंद्रीय आणि आंतरराष्ट्रीय मंडळाच्या शाळांत. कंपन्यांत तांत्रिक अनुवाद, ग्राहकसेवा, हिशेबाची कामं फ्रेंचमधून चालतात. तिथे नुसत्या फ्रेंचपेक्षा फ्रेंचबरोबर दुसरं कौशल्य असलेल्याला जास्त विचारतात.

विद्यापीठातली कायम नोकरी अवघड आहे. जागा थोड्या निघतात आणि तासिका तत्त्वावर वर्षं जातात. मीही ती काढली आहेत. मुलीला हे दोन्ही सांगा आणि मग तिला ठरवू द्या. ज्याला वाचल्याशिवाय राहवत नाही त्याने संशोधनाकडे वळावं. ज्याला पटकन कमवायचं आहे त्याने बी२ करून दुसऱ्या कौशल्याला जोडावं. यात कमीजास्त असं काही नाही.

९. नेट फ्रेंचचा पेपर कसा असतो?

पहिला पेपर सगळ्या विषयांना एकच, ५० प्रश्न, १०० गुण. दुसरा फ्रेंचचा, फ्रेंच भाषेतच, १०० प्रश्न, २०० गुण. दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. साहित्याचा इतिहास, भाषाविज्ञान, भाषाध्यापन, अनुवाद, फ्रान्सबाहेरचं फ्रेंच साहित्य, सगळं येतं.

मुलं एकोणिसाव्या शतकावर जीव तोडून तयारी करतात आणि भाषाध्यापनावर गुण घालवतात. तसं करू नका. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. जेआरएफला खुल्या गटात वयाची मर्यादा ३० वर्षं आहे, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला मर्यादा नाही.

१०. पीएच.डी.चे नियम बदलले म्हणतात. आता काय आहे?

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल सहा, त्यापुढे मुदतवाढ. एम.फिल. बंद झालं. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केलेल्याला एम.ए.शिवाय थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात.

एका प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, एवढेच विद्यार्थी असू शकतात. फ्रेंचमध्ये मार्गदर्शक मुळातच मोजके, म्हणून अर्जाआधी जागा आहे का हे विचारा. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) पुरतं, पीएच.डी. ऐच्छिक आहे. तेव्हा केवळ नोकरीसाठी पीएच.डी. करायची असेल तर पुन्हा विचार करा.

११. संशोधनाला विषय काय घ्यावा? सोलापूरशी जोडलेला विषय फ्रेंच विभागात चालतो का?

चालतो, आणि माझ्या मते घ्यावाच. पॅरिसच्या एखाद्या प्रसिद्ध कादंबरीकारावर हजारो प्रबंध पडून आहेत. त्यात सोलापूरच्या मुलाने आणखी एक लिहिला तर तो बऱ्याचदा इतरांच्या मतांची गोळाबेरीज होतो. पण फ्रेंच आणि मराठी दोन्ही थेट वाचू शकणारा माणूस जगात विरळा आहे. ती आपली ताकद आहे.

आपल्या चादरीपासूनच बघा. कारखान्यात ज्याला जेकॉर्ड म्हणतात ते मूळ माणसाचं नाव आहे. लियों शहरातल्या झोझेफ मारी झाकार याने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उठवणारा माग तयार केला. ते नाव दोनशे वर्षांत लियोंहून सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांत येऊन पोचलं. त्याच लियोंच्या रेशीम विणकरांनी, ज्यांना तिथे ‘कान्यु’ म्हणतात, १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये मजुरीच्या दरासाठी उठाव केला, आणि १८३४ मध्ये पुन्हा. ‘काम करून जगू, नाहीतर लढून मरू’ ही त्यांची घोषणा. आता सोलापूर बघा: गिरणी कामगारांचं शहर, १९३० चा इंग्रजांनी लावलेला मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चार हुतात्मे. दोन विणकर शहरांची गाणी, घोषणा, आठवणी शेजारी ठेवून कुणी काम केलं तर ते वाचायला मी पहिली बसेन. मार्शल लॉची बातमी त्या वेळच्या फ्रेंच वर्तमानपत्रांत आली का, आली तर कशा शब्दांत, एवढा एक प्रश्नसुद्धा लघुप्रबंधाला पुरेल. (वर्तमानपत्रं कुठे मिळतील ते प्रश्न १३ मध्ये.)

मॉरिशस हा दुसरा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात आणि घरात फ्रेंचवर आधारलेली क्रेओल बोलतात. तेलुगू मुळांच्या लेखिकाही तिथून फ्रेंचमध्ये लिहितात. नताशा आपाना यांची २००३ मधली पहिली कादंबरी या मजुरांच्या प्रवासावर आहे. पूर्व भागातल्या तेलुगू घरातल्या मुलीने ती वाचली की काय होतं, हे मी वर्गात पाहिलं आहे. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

इतिहासाची आवड असेल तर सतराव्या-अठराव्या शतकाकडे जा. आबे कारे हा फ्रेंच धर्मगुरू १६७२ ते ७४ दरम्यान दख्खनमधून फिरला आणि त्याने शिवाजी महाराजांबद्दलही लिहून ठेवलं. महादजी शिंद्यांची पलटण उभी करणारा बेन्वा द ब्वाञ साव्हॉय प्रांतातला, म्हणजे आजच्या फ्रान्समधला. आपला ‘गारदी’ शब्दही फ्रेंच ‘गार्द’वरून आल्याचं मानतात.

१२. पंढरपूरवर फ्रेंच लोकांनी खरंच काही लिहिलंय का?

लिहिलंय, आणि मनापासून लिहिलंय. जिल्ह्यातल्या प्रत्येक फ्रेंच विद्यार्थ्याला ही तीन-चार नावं माहीत असावीत.

फादर गी दलरी पुण्यात राहिले, पालखीबरोबर चालले, आणि १९५६ मध्ये तुकोबांच्या अभंगांचा त्यांचा फ्रेंच अनुवाद पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने काढला. शीर्षकात त्यांनी अभंगांना ‘प्सोम’ म्हटलं. हा बायबलमधल्या स्तोत्रांचा शब्द. अभंग स्तोत्र झाला की त्याचं काय होतं? तुकोबांचं भांडण, त्यांचा रोखठोकपणा त्या शब्दात मावतो का? केवळ या एका शब्दावर चांगला शोधनिबंध होऊ शकतो. शार्लोत वोदव्हिल यांनी हरिपाठाचा फ्रेंच अनुवाद १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. गी प्वातवँ फ्रान्समध्ये जन्मले, भारताचे नागरिक झाले आणि हेमा राईरकरांबरोबर त्यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आहे. २००४ मध्ये ते गेले.

आणि फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक. मराठी भाषेच्या घडणीवरचा त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये पुस्तकरूपाने आला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो फ्रेंचमधून थेट मराठीत आणला, १९४१ मध्ये. इंग्रजी अनुवाद त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आला. मराठी वाचकाला इंग्रजीची वाट पाहावी लागली नाही, कारण इथे कुणीतरी फ्रेंच शिकला होता. ही गोष्ट सांगताना दरवेळी माझा आवाज जरा वर जातो.

१३. पॅरिसला न जाता संदर्भ कसे मिळवायचे?

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गालिका’ हे डिजिटल दालन सगळ्यांना मोफत उघडं आहे. जुनी पुस्तकं, नकाशे, १९३०-४० पर्यंतची वर्तमानपत्रं तिथे आहेत. शोधताना गावाचं नाव जुन्या स्पेलिंगने टाका. सोलापूरला तेव्हा ‘शोलापूर’ लिहीत, आणि फ्रेंच लेखक ‘श’ आपल्या पद्धतीने लिहितात, म्हणून दोन-तीन रूपं करून बघा. फ्रेंच नियतकालिकांचे जुने अंक ‘पर्से’वर, नवी पुस्तकं आणि लेख ‘ओपन एडिशन’वर, प्राध्यापकांनी स्वतः ठेवलेले लेख ‘हाल’वर. भारतीय प्रबंध ‘शोधगंगा’वर. विषय नक्की करण्याआधी शोधगंगा चाळलीच पाहिजे, नाहीतर तोच विषय कुणीतरी आधी केलेला निघतो.

मराठी बाजूसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात बसा. तिथल्या जुन्या पुस्तकांना स्क्रीनचा पर्याय नाही.

१४. प्रबंध फ्रेंचमध्येच लिहावा लागतो का?

फ्रेंच विभागात नोंदणी असेल तर बहुधा हो. तुलनात्मक विषयाला काही विद्यापीठं इंग्रजीची परवानगी देतात. ती नोंदणीच्या वेळीच लेखी घ्या. ‘सरांनी हो म्हटलंय’ हे पुढे चालत नाही.

१५. एआयने भाषांतर करून दिलं तर कळतं का?

कळतं. मशीनचं फ्रेंच गुळगुळीत असतं, पण त्यात ‘वारी’ची ‘तीर्थयात्रा’ होते, ‘ओवी’ची ‘कविता’ होते आणि सगळे धागे एका रंगाचे दिसायला लागतात. शब्द अडला तर शब्दकोश आणि मशीन दोन्ही बघायला माझी हरकत नाही. मात्र विचार तिच्याकडून आणू नका, आणि वापर केला असेल तर मार्गदर्शकांना सांगा. तोंडी परीक्षेत ‘हे क्रियापद इथे का?’ असं विचारलं की उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

उचलेगिरीबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई. मराठी किंवा इंग्रजी लेखाचं फ्रेंच भाषांतर करून ते आपलं म्हणून देणं तपासणीच्या यंत्रात सापडणार नाही कदाचित, पण ती चोरीच आहे.

१६. एक नियतकालिक चार हजार रुपये मागतंय, आठवड्यात लेख छापतो म्हणतंय. देऊ का?

देऊ नका. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी लेख छापण्याची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी घाईची गरजच नाही. मी विद्यार्थी असताना एका ठिकाणी पैसे भरले. लेख न वाचता छापला आणि माझ्या नावातही चूक केली. तो लेख मी आजही कुठे दाखवत नाही.

१७. फ्रान्सला जायचं असेल तर खर्च किती, आणि मदत मिळते का?

फ्रेंच सरकारने सरकारी विद्यापीठांत २०१९ मध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला पदवीला २,७७० आणि मास्टरला ३,७७० यूरो शुल्क ठरवलं. नंतर त्यात थोडी वाढ झाली. पीएच.डी.ला हे जादा शुल्क लागू नाही, आणि बरीच विद्यापीठं मास्टरलाही सूट देतात, म्हणून विचारून घ्या. फ्रेंच दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती आहे, नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाची. साहित्याच्या मास्टरला भाषेचा स्तर किमान बी२ धरतात, अनेक ठिकाणी सी१.

संशोधकांसाठी चांगली वाट ‘कोतुतेल’ची. एक मार्गदर्शक भारतात, एक फ्रान्समध्ये, दोन विद्यापीठांचा करार, एकच प्रबंध. करार पहिल्या वर्षातच करावा लागतो. तिसऱ्या वर्षी सुचलं तर उपयोग होत नाही.

१८. एका फ्रेंच कादंबरीचा मराठी अनुवाद केलाय. छापायला परवानगी लागते का?

लेखक कधी वारला यावर ते अवलंबून आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, फ्रान्समध्ये ७०. आल्बेर काम्यू १९६० मध्ये गेले. म्हणून भारतात त्यांची पुस्तकं १ जानेवारी २०२१ पासून मुक्त आहेत, पण फ्रान्समध्ये अजून नाहीत. सँत-एक्झ्युपेरी १९४४ मध्ये युद्धात गेले. फ्रान्सने देशासाठी मेलेल्यांना जादा वर्षं दिलेली असल्याने तिथे त्यांचे हक्क अजून चालू आहेत, इथे केव्हाच संपले.

अडचण येते ती ई-पुस्तकाची, कारण ते फ्रान्समध्येही विकलं जाऊ शकतं. हक्क चालू असतील तर तुम्ही नव्हे, तुमच्या प्रकाशकाने मूळ प्रकाशकाला लिहायचं. फ्रेंच दूतावासाची टागोर नावाची प्रकाशन साहाय्य योजना अशा अनुवादांना मदत करते, तिथेही अर्ज प्रकाशकाचाच. आणि अनुवाद इंग्रजीवरून केला असेल तर तसं छापा. आचार्य अत्र्यांनी ‘कवडीचुंबक’ मोलिएरवरून बेतलं तेव्हा त्याला आपल्या मातीत आणलं. ते रूपांतर होतं. अनुवाद म्हणायचं असेल तर मूळ फ्रेंच समोर हवं.

१९. माझा प्रबंध वारीवर आहे. फ्रेंचमध्ये ‘विठू माउली’ कसं लिहू? तो की ती?

हा प्रश्न मला एकदा नाही, पाच-सहा वेळा आलाय, आणि दरवेळी वेगळ्या विद्यार्थ्याकडून.

आपण ‘विठू माझा’ म्हणतो आणि पुढच्या ओळीत ‘माउली आली’ म्हणतो. कानाला काही खटकत नाही. फ्रेंचमध्ये सर्वनाम, विशेषण, कृदंत सगळ्यांना निवड करावी लागते: ‘इल’ की ‘एल’. ‘एल’ लिहिलं तर वाचणाऱ्याला देवी वाटते. ‘इल’ लिहिलं तर आई नाहीशी होते. काही जण ‘मेर’ म्हणजे आई हा शब्द घालून पुढे पुल्लिंग ठेवतात. ते वाक्य फ्रेंच कानाला अडखळतं, पण मला ते अडखळणं आवडतं, कारण तिथे वाचक थांबतो.

माझा सल्ला असा. पहिल्यांदा येईल तिथे ‘माउली’ शब्द तसाच लिप्यंतर करून ठेवा आणि तळटीप द्या. अभंग देवनागरीत पूर्ण द्या, खाली लिप्यंतर, खाली अनुवाद. लिप्यंतराची एकच पद्धत शेवटपर्यंत पाळा. सर्वनामाचा निर्णय प्रबंधाच्या सुरुवातीच्या टिपणात कारणासकट लिहा. परीक्षक बहुधा इथूनच विचारायला सुरुवात करतात. आणि निर्णय घेण्याआधी आषाढीला एकदा पंढरपूरला जाऊन दर्शनबारीत उभ्या असलेल्या बायका काय म्हणतात ते ऐका. एकाच वाक्यात ‘तो’ आणि ‘ती’ दोन्ही ऐकू येतील. ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या, तारीख आणि जागेसकट.